सर्व्हरवर उघडतंय, बाकी कोणालाच नाही: ऑफिसातलं नेक्स्टक्लाउड सगळ्यांना जोडून देताना

छोट्या ऑफिसांतून येणारे फोन बहुतेक एकाच वाक्याने सुरू होतात: "इन्स्टॉल व्यवस्थित झालं, माझ्या मशीनवर मस्त चालतंय, पण बाकी कोणाला उघडत नाही." सीएंचं ऑफिस असो, आर्किटेक्टचा स्टुडिओ असो की शाळेची लॅब, वाक्य तेच. कोपऱ्यातल्या जुन्या डेस्कटॉपवर उबंटू लिनक्स टाकलेलं असतं, त्यावर नेक्स्टक्लाउड (ऑफिसच्या फाइली स्वतःच्याच सर्व्हरवर ठेवून ब्राउझरमधून वापरायचं सॉफ्टवेअर), कधी जोडीला कोलॅबोरा (त्याच फाइलींवर ब्राउझरमध्ये एकत्र काम करू देणारं). हेतू एवढाच की फाइली पेनड्राइव्हवर फिरायच्या थांबाव्यात आणि एका शीटवर तिघांना एकदम काम करता यावं.

अशा वेळी लोक दोन गोष्टी करतात. एक, फायरवॉल (नेटवर्कवरून आत येणाऱ्यांना अडवणारी भिंत) सरसकट बंद. दोन, सगळं पुसून पुन्हा इन्स्टॉल. दुसऱ्या उपायाने हा प्रश्न सहसा सुटत नाही, कारण सॉफ्टवेअर बिघडलेलंच नसतं. दुसऱ्याच्या ब्राउझरपासून तुमच्या सर्व्हरपर्यंतच्या वाटेत कुठेतरी अडलेलं असतं. ते नेमकं कुठे, हे ब्राउझर स्वतःच सांगत असतो, फक्त तो मजकूर कोणी वाचत नाही.

खाली मी नेक्स्टक्लाउड धरून लिहिलंय, पण पहिला निम्मा भाग मॅटरमोस्ट, ओन्लीऑफिस, मीडियाविकी, कशालाही लागू पडतो. कमांड देवनागरीत लिहिल्या आहेत, टर्मिनलमध्ये अर्थातच रोमन अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत टाइप करा. उदाहरणासाठी सर्व्हरचा आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) १९२.१६८.१.५० धरलाय.

## आधी लक्षण

ज्याला उघडत नाही त्याच्या खुर्चीत बसा आणि स्क्रीनवर काय लिहून येतंय ते शब्दन् शब्द वाचा. "एरर येतोय" हे लक्षण नाही.

- "रिफ्यूज्ड टू कनेक्ट", तेही झटकन. मशीनपर्यंत पोचलात, पण त्या पोर्टवर (मशीनच्या त्या नंबरच्या दारावर) कोणी ऐकत नाहीये. वेब सर्व्हर बंद असेल, फक्त स्वतःपुरता ऐकत असेल किंवा तुम्ही पोर्ट चुकीचा टाकला असेल.
- बराच वेळ फिरत राहून "टूक टू लाँग टू रिस्पाँड". निरोप वाटेतच गडप होतोय. आयपी चुकीचा, नेटवर्क वेगळं, सर्व्हर झोपलेला, नाहीतर फायरवॉल.
- "आयपी ॲड्रेस कुड नॉट बी फाउंड". नावाचा घोळ. आयपी टाकून उघडलं तर सर्व्हरकडे बघायचीही गरज नाही.
- "युवर कनेक्शन इज नॉट प्रायव्हेट". सर्टिफिकेट (साइटची ओळख पटवणारं डिजिटल प्रमाणपत्र) किंवा घड्याळ.
- नेक्स्टक्लाउडचंच निळं पान, त्यावर "ॲक्सेस थ्रू अनट्रस्टेड डोमेन". ही खरं तर आनंदाची बातमी. नेटवर्क, पोर्ट, फायरवॉल सगळं पार झालं, फक्त एक ओळ लिहायची राहिली आहे. हे पान दिसत असताना राउटर रीसेट करणारे लोक मी पाहिलेत.
- लॉगिन होतं, पण डॉक्युमेंट कोरं, कॉलमध्ये माइक नाही, किंवा पाच-सहा जण आले की सगळं अडकतं. याचं खातं वेगळं, शेवटी बघू.

## पत्ता: फुकट आणि अर्ध्या मिनिटाची तपासणी

ऑफिसच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणती लिंक टाकली आहे ती बघा. त्यात "लोकलहोस्ट" किंवा १२७.०.०.१ असेल तर दोष तिथेच सापडला. लोकलहोस्ट म्हणजे ज्या मशीनवर लिंक उघडली ते मशीन. तुमच्याकडे तो तुमचा सर्व्हर, जोशी मॅडमच्या लॅपटॉपवर जोशी मॅडमचा लॅपटॉप.

मग टायपिंग. नुसतं नाव टाकलं तर ब्राउझर ते गुगलमध्ये शोधायला जातो, म्हणून सुरुवातीला एचटीटीपी पूर्ण लिहायला लावा. हल्लीचे ब्राउझर मनानेच एचटीटीपीएस लावतात आणि सर्व्हरवर ते बसवलेलंच नसेल तर नकार येतो. डॉकरने (सॉफ्टवेअर वेगळ्या डब्यात बंद करून चालवायचं साधन) ८०८० वर चालवत असाल तर पत्त्यामागे कोलन आणि ८०८० हवंच. ते विसरणं इतकं सर्रास आहे की मी फोनवर पहिला प्रश्न तोच विचारतो.

## दोघं एकाच नेटवर्कवर आहेत का?

इथे जरा थांबा, कारण "सगळे एकाच वायफायवर आहेत" हे उत्तर फार वेळा खोटं निघतं.

मोबाइलपासून सुरू करा. वायफायला इंटरनेट नसेल तर अँड्रॉइड गुपचूप मोबाइल डेटावर जातो. वर वायफायचं चिन्ह दिसत असतं, पण वाहतूक सिमकार्डावरून होते आणि तिथून तुमचा १९२.१६८ वाला पत्ता कधीच सापडणार नाही. मोबाइल डेटा बंद करून बघा. कोणी व्हीपीएन लावून बसलं असेल तर तेही.

गेस्ट वायफाय मुद्दामच असं बनवलेलं असतं की त्यावरची उपकरणं आतल्या नेटवर्कला पोचू नयेत. काही राउटरांत साध्या वायफायलाही "क्लायंट आयसोलेशन" किंवा "एपी आयसोलेशन" चालू असतं. इंटरनेट छान चालतं, पण वायफायवरची दोन उपकरणं एकमेकांना दिसत नाहीत. राउटरच्या वायरलेस सेटिंगमध्ये एक टिक काढायची असते.

आणि मग आपल्याकडचा खास प्रकार: दोन राउटर. फायबरवाल्याने लावलेला एक डबा, आणि रेंज पुरत नाही म्हणून आतल्या खोलीत लावलेला दुसरा. पहिला १९२.१६८.१ चे पत्ते वाटतो, दुसरा १९२.१६८.० चे. आतल्या राउटरवरचे लोक बाहेरच्या राउटरवरच्या मशीनपर्यंत सहसा जाऊ शकतात, उलट दिशेने मात्र नाही. म्हणजे सर्व्हर आतल्या राउटरला जोडलेला असेल तर आतल्यांना दिसेल आणि रिसेप्शनला दिसणार नाही. "अकाउंट्सवाल्यांना उघडतं, सरांच्या केबिनमध्ये उघडत नाही" ही तक्रार आली की मी आधी भिंतीवरचे डबे मोजतो.

खात्री करायला दोन्ही मशीनचे आयपी शेजारी शेजारी लिहा. विंडोजवर "आयपीकॉन्फिग", उबंटूवर "होस्टनेम -आय" (आय कॅपिटल). पहिले तीन आकडे जुळले पाहिजेत. दुसऱ्या राउटरला ॲक्सेस पॉइंट मोडमध्ये टाकणं हा उत्तम उपाय. तो मोड नसेल तर केबल वॅनऐवजी लॅनच्या भोकात लावा, त्या राउटरची डीएचसीपी (पत्ते वाटायची सोय) बंद करा आणि त्याचा स्वतःचा पत्ता पहिल्या राउटरशी भांडणार नाही असा द्या.

हाच आयपी आणखी काही सांगून जातो. १६९.२५४ ने सुरू होत असेल तर मशीनला पत्ता मिळालेलाच नाही, केबल बघा. १०.०.२.१५ दिसला तर तुमचं उबंटू व्हर्च्युअलबॉक्समध्ये नॅट मोडवर बसलंय. ते बाहेर जाऊ शकतं, बाहेरून आत कोणी येऊ शकत नाही. सेटिंगमध्ये "ब्रिज्ड ॲडॅप्टर" निवडलं की त्याला राउटरकडून खरा पत्ता मिळतो. आणि १७२.१७ ने सुरू होणारा पत्ता लोकांना दिला असेल तर तो डॉकरचा आतला पत्ता आहे. त्या मशीनबाहेर त्याला अर्थ नाही.

## काल चालत होतं, आज नाही

ही तक्रार सहसा लाइट गेल्यानंतरची. तीन शक्यता, सोप्यापासून.

मशीन चालूच झालेलं नाही. राउटर इन्व्हर्टरवर असतो, सर्व्हर नसतो. बायोसमध्ये "रिस्टोर ऑन एसी पॉवर लॉस" अशा अर्थाचा पर्याय असतो, तो चालू ठेवा म्हणजे लाइट आली की मशीन आपोआप उठेल. छोटा यूपीएस घेतलात तर आणखी उत्तम, कारण डेटाबेसला अचानक वीज जाणं मानवत नाही.

मशीन झोपलंय. सकाळी चालतं, जेवणाच्या सुट्टीनंतर बंद पडतं, कोणी जाऊन माउस हलवला की परत चालतं. उबंटूची डेस्कटॉप आवृत्ती टाकली असेल तर पॉवर सेटिंगमध्ये आपोआप सस्पेंड होणं बंद करा. लॅपटॉपचा सर्व्हर केला असेल तर झाकण मिटल्यावर काय होतं तेही बघा.

तिसरी, आणि सर्वांत जास्त भेटणारी: आयपी बदलला. राउटर पुन्हा सुरू झाला, त्याने पत्ते नव्याने वाटले, ५० चा ५३ झाला. सर्व्हर ठणठणीत असतो, लोक मात्र जुन्या पत्त्यावर हाका मारत बसतात. यावर कायमचा उपाय राउटरमध्ये आहे: डीएचसीपीच्या पानावर "ॲड्रेस रिझर्व्हेशन" शोधा आणि सर्व्हरच्या मॅक ॲड्रेसला (नेटवर्क कार्डाचा स्वतःचा क्रमांक) एक आयपी बांधून टाका. मशीनमध्येच आयपी पक्का करणाऱ्यांनी तो राउटरच्या वाटपाच्या पट्ट्याबाहेरचा निवडावा. नाहीतर एक दिवस तोच पत्ता प्रिंटरला जातो आणि सर्व्हर कधी दिसतो, कधी गायब होतो. असा अधूनमधूनचा दोष शोधायला सगळ्यात वैताग येतो.

## पिंग, आणि पिंगवर किती विश्वास ठेवायचा

दुसऱ्या मशीनवरून "पिंग १९२.१६८.१.५०". उत्तर आलं तर वाट मोकळी आहे. नाही आलं तर लगेच निष्कर्ष काढू नका: विंडोजची फायरवॉल बऱ्याचदा पिंगला उत्तरच देत नाही, वेब सर्व्हर मात्र चालू असतो. त्यापेक्षा थेट पोर्ट तपासा. विंडोजच्या पॉवरशेलमध्ये "टेस्ट-नेटकनेक्शन १९२.१६८.१.५० -पोर्ट ८०" दिलं की शेवटच्या ओळीत "टीसीपी टेस्ट सक्सीडेड" समोर ट्रू किंवा फॉल्स येतं. ट्रू आलं तर पुढचे दोन भाग सोडून सरळ ट्रस्टेड डोमेन्सवर जा.

## सर्व्हर नेमका कोणासाठी ऐकतोय

आता सर्व्हरवर या. कमांड: "सुडो एसएस -टीएलएनपी". खूप ओळी येतील, त्यांत ८०, ४४३ किंवा तुमचा पोर्ट असलेली ओळ शोधा आणि पोर्टच्या अगदी डावीकडे काय आहे ते बघा.

०.०.०.० किंवा तारा असेल तर सर्व्हर सगळ्यांसाठी ऐकतोय. १२७.०.०.१ असेल तर फक्त स्वतःसाठी. "माझ्याकडे चालतं" याचं हे एक मोठं कारण. अपाचेत "लिसन" या ओळीत, एनजिनएक्समध्येही "लिसन"मध्येच, आणि डॉकर कंपोझमध्ये पोर्टच्या ओळीत १२७.०.०.१ चिकटवलेलं सापडेल. नेटवरच्या बऱ्याच नमुना फाइलींत ते मुद्दाम असतं, कारण पुढे रिव्हर्स प्रॉक्सी (बाहेरच्या विनंत्या आधी स्वतः घेऊन आत पोचवणारा मध्यस्थ) असेल असं गृहीत धरलेलं असतं. प्रॉक्सी नसेल तर तो भाग काढा आणि सेवा रीस्टार्ट करा.

हीच दुरुस्ती डेटाबेसला करू नका. ३३०६ पोर्ट १२७.०.०.१ वरच असला पाहिजे. तो उघडून वापरकर्त्यांचा काहीच फायदा होत नाही, धोका मात्र वाढतो.

ओळ सापडलीच नाही तर सेवा बंद आहे. "सिस्टिमसीटीएल स्टेटस अपाचे२" काय म्हणतं ते वाचा. डिस्क भरली असेल तरी सेवा पडतात, "डीएफ -एच" करून एकदा नजर टाका.

## फायरवॉल: बंद करू नका, भोक पाडा

उबंटूवर "सुडो यूएफडब्ल्यू स्टेटस". "इनॲक्टिव्ह" आलं तर दोष इथे नाही. चालू असेल तर फक्त आपल्या नेटवर्कपुरती वाट द्या: "सुडो यूएफडब्ल्यू अलाउ फ्रॉम १९२.१६८.१.०/२४ टू एनी पोर्ट ८० प्रोटो टीसीपी", आणि तसंच ४४३ साठी. लांबून एसएसएचने काम करत असाल आणि यूएफडब्ल्यू नव्याने चालू करणार असाल तर आधी एसएसएचच्या २२ नंबरच्या पोर्टला परवानगी द्या. नाहीतर स्वतःच बाहेर अडकाल आणि स्कूटर काढून ऑफिसला जावं लागेल.

डॉकरवाल्यांसाठी एक इशारा. डॉकर स्वतःचे नियम परस्पर लिहितो, त्यामुळे त्याने उघडलेले पोर्ट यूएफडब्ल्यूमध्ये दिसत नसले तरी उघडे असतात. म्हणून "यूएफडब्ल्यूने अडवलंय" हा संशय डॉकरच्या बाबतीत बहुतेक चुकीचा ठरतो, आणि "यूएफडब्ल्यूने संरक्षण दिलंय" हा समजही.

सर्व्हर विंडोजवर असेल तर आधी नेटवर्कचा प्रकार बघा. नवीन केबल किंवा नवीन राउटर जोडला की विंडोज त्याला "पब्लिक" धरतो आणि बाहेरून येणाऱ्यांना दारातच थोपवतो. ऑफिसचं नेटवर्क "प्रायव्हेट" करा, मग त्या एका पोर्टसाठी इनबाउंड नियम जोडा. विकतच्या अँटिव्हायरसची स्वतःची फायरवॉल असते, तिथेही तोच नियम लागतो.

फायरवॉल पूर्ण बंद करून चालतंय का ते बघायचं असेल तर बघा, मिनिटभर. चालल्यावर ती तशीच सोडून घरी जाऊ नका.

## ट्रस्टेड डोमेन्स: इथे बहुतेक जण अडतात

ब्राउझर सर्व्हरकडे येतो तेव्हा तो कोणत्या नावाने आला हेही सांगतो. सोसायटीचा वॉचमन जसा "कोणाकडे जायचंय?" विचारतो आणि वहीत नाव नसेल तर आत सोडत नाही, तसं नेक्स्टक्लाउड ते नाव आपल्या यादीत शोधतं. इन्स्टॉल करताना ज्या पत्त्यावरून पान उघडलं होतं तेवढाच पत्ता त्या यादीत आपोआप जातो. तुम्ही सर्व्हरवर बसूनच इन्स्टॉल केलंत, म्हणजे यादीत फक्त लोकलहोस्ट. शिवाय लोकलहोस्टला नेक्स्टक्लाउड नेहमीच आत घेतं, त्यामुळे तुम्हाला हा दोष कधी दिसणारच नाही.

यादी "कॉन्फिग" फोल्डरमधल्या कॉन्फिग.पीएचपी या फाइलीत असते. हात लावण्याआधी तिची प्रत काढा. त्यात "ट्रस्टेड_डोमेन्स" नावाचा ॲरे सापडेल: ० समोर लोकलहोस्ट. त्याखाली १ समोर १९२.१६८.१.५० आणि नाव वापरणार असाल तर २ समोर ते नाव. सुरुवातीचं एचटीटीपी नको, शेवटची तिरकी रेघ नको, पोर्टही लागत नाही. अवतरणचिन्हं सरळ हवीत: व्हॉट्सॲपवरून किंवा वर्डमधून चिकटवलेली वळणदार चिन्हं पीएचपीला कळत नाहीत. स्वल्पविराम राहिला तर पूर्ण साइट पांढरी होते किंवा "इंटर्नल सर्व्हर एरर" येतो. तेव्हा घाबरू नका, जुनी प्रत परत ठेवा.

फाइलीत हात घालायचा नसेल तर "ऑक" ही नेक्स्टक्लाउडची कमांड आहे, तिच्या "कॉन्फिग:सिस्टिम:सेट"ने हेच होतं. मात्र ती वेब सर्व्हरच्या युजरच्या नावाने चालवावी लागते, उबंटूवर तो डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा. आणि क्रमांक बघून द्या, आधी भरलेला क्रमांक दिलात तर जुनी नोंद पुसली जाईल.

नुसता तारा टाकून सगळी नावं मान्य करण्याचा सल्ला बऱ्याच ठिकाणी मिळतो. नका करू. ही तपासणी अशासाठी आहे की कोणी खोटं नाव सांगून पासवर्ड रीसेटसारख्या ईमेलमध्ये स्वतःची लिंक घुसवू नये.

त्याच फाइलीत "ओव्हरराइट.सीएलआय.यूआरएल" म्हणून एक ओळ असते. तिथे लोकलहोस्ट राहिला तर सगळं चालतं, पण सर्व्हरकडून येणाऱ्या ईमेलमधल्या लिंक उघडत नाहीत. इथवर आलाच आहात तर तीही बदला.

## आयपीवर चालतं, नावाने नाही

दोन-चार मशीन असतील तर प्रत्येक विंडोजच्या होस्ट्स फाइलीत एक ओळ (आयपी आणि त्यापुढे नाव) टाकणं स्वस्त पडतं. नोटपॅड ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा, आणि सेव्ह करताना मागे .टीएक्सटी लागत नाही ना ते बघा. मोबाइलवर हे जमत नाही, त्यासाठी राउटरच्या डीएनएसमध्ये (नावावरून आयपी शोधून देणारी सोय) किंवा पाय-होलसारख्या आतल्या डीएनएसमध्ये नोंद हवी.

नोंद असूनही "कधी चालतं, कधी नाही" असं होत असेल तर त्या मशीनमध्ये दुसरा डीएनएस म्हणून ८.८.८.८ लिहिलेला आहे का बघा. गुगलला तुमच्या ऑफिसातलं नाव माहीत असण्याचं कारण नाही, आणि मशीन कधी कोणाला विचारेल याचा नेम नसतो. ब्राउझरमध्ये "सिक्युअर डीएनएस" किंवा अँड्रॉइडमध्ये "प्रायव्हेट डीएनएस" एखाद्या कंपनीचा निवडला असेल तरी हेच होतं. नाव निवडताना मनचं .लोकल नको, ते एमडीएनएससाठी (नेटवर्कवरची उपकरणं आपोआप शोधायची पद्धत) राखीव आहे. आतल्या वापरासाठी आयकॅनने २०२४ मध्ये .इंटर्नल राखून ठेवलंय, ते घ्या.

## सर्टिफिकेट, घड्याळ आणि गायब माइक

स्वतः सही केलेलं सर्टिफिकेट वापरलं तर ब्राउझर ओरडणारच. प्रत्येकाला "ॲडव्हान्स्ड, प्रोसीड" करायची सवय लावणं मला पटत नाही, खऱ्या धोक्याच्या वेळीही लोक तेच दाबतात. स्वतःचं डोमेन असेल तर लेट्स एन्क्रिप्ट या फुकट सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेचं सर्टिफिकेट डीएनएसच्या पद्धतीने घेता येतं, त्यासाठी सर्व्हर बाहेर उघडावा लागत नाही. त्याची मुदत ९० दिवसांची असते आणि ती संपत आल्याचे ईमेल त्यांनी २०२५ पासून बंद केलेत. नूतनीकरण आपोआप होतंय ना ते स्वतःच बघायचं.

एचटीटीपीवर सगळं चालतं, पण कॉलमध्ये माइक आणि कॅमेरा मिळत नाही? ब्राउझर ते फक्त सुरक्षित पानाला देतो. लोकलहोस्टला यातून सूट आहे, म्हणून सर्व्हरवर बसून चाचणी केली की कॉल लागतो आणि शेजारच्या टेबलावरून लागत नाही. इथे एचटीटीपीएसला पर्याय नाही.

सर्टिफिकेट ठीक असून एकाच मशीनवर इशारा येत असेल तर खालच्या कोपऱ्यातली तारीख बघा. जुन्या डेस्कटॉपच्या मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपला की दर वेळी बंद करून चालू केल्यावर तारीख मागे जाते. सेल कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतो. सर्व्हरचंच घड्याळ चुकलं तर मोबाइलवरचे सहा आकडी कोडही जुळत नाहीत.

## आत शिरलो, पण...

डॉक्युमेंट कोरं राहतं. कोलॅबोरा वेगळा चालत असेल तर प्रत्येकाचा ब्राउझर त्याच्याशी थेट बोलतो, सहसा ९९८० पोर्टवर. नेक्स्टक्लाउडच्या ऑफिस सेटिंगमध्ये त्याचा पत्ता लोकलहोस्ट दिला असेल तर पुन्हा तीच कथा. उलट दिशेने कोलॅबोरालाही नेक्स्टक्लाउड सापडलं पाहिजे, आणि नेक्स्टक्लाउडमधल्या डब्ल्यूओपीआयच्या (कोलॅबोराला फाइल द्यायची पद्धत) परवानगी यादीत कोलॅबोराचा आयपी हवा.

लॉगिनला सगळ्यांनाच उशीर. चुकीचे पासवर्ड आले की नेक्स्टक्लाउड त्या आयपीला मुद्दाम थांबवतं, २५ सेकंदांपर्यंत. मध्ये रिव्हर्स प्रॉक्सी असेल आणि "ट्रस्टेड_प्रॉक्सीज" भरलं नसेल तर सगळं ऑफिस एकाच आयपीवरून आल्यासारखं दिसतं. एकाच्या मोबाइल ॲपमध्ये जुना पासवर्ड राहिला की शिक्षा सगळ्यांना.

पाच-सहा जण आले की ठप्प. पीएचपी-एफपीएम (पीएचपी चालवणारी सेवा) वापरत असाल तर "पीएम.मॅक्स_चिल्ड्रन" बघा, उबंटूवर तो मूळचा ५ असतो. लॉगमध्ये तशी सरळ सूचनाही सापडते. वाढवा, पण रॅम बघून: प्रत्येक प्रोसेसला ५१२ एमबी धरणं बरं.

मोठ्या फाइली चढत नाहीत. एनजिनएक्सची मूळ मर्यादा १ एमबी, पीएचपीची २ एमबी. दोन्ही वाढवा, एक वाढवून भागत नाही.

## इथे थांबा

घरून किंवा साइटवरून सर्व्हर उघडायचाय, एवढ्यासाठी राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्ड करू नका. तो सर्व्हर अख्ख्या जगासमोर उघडतो आणि मग अपडेट, बॅकअप, लॉग रोज बघणारं माणूस लागतं. तसंही आपल्याकडच्या अनेक जोडण्यांवर ते चालतच नाही: राउटरच्या स्टेटस पानावर वॅनचा आयपी १००.६४ ते १००.१२७ च्या दरम्यान असेल तर तुम्ही इंटरनेट कंपनीच्या सामायिक पत्त्यामागे आहात. वायरगार्डसारखं व्हीपीएन हा बरा मार्ग, पण त्याची आखणी जाणकाराकडून करून घ्या.

मशीन कंपनीच्या डोमेनमध्ये असेल आणि फायरवॉलच्या सेटिंग राखाडी दिसत असतील, किंवा स्विचवर व्हीलॅन (एकाच स्विचवर वेगळी पाडलेली नेटवर्क) लावलेले असतील, तर ते कोणीतरी विचार करून केलेलं आहे. आडवाटेने जाऊ नका, त्यांच्या आयटीला सांगा.

अपग्रेड अर्ध्यात अडकलं, लॉगमध्ये डेटाबेसच्या तक्रारी येतायत, किंवा डिस्क कटकट आवाज करतेय: कमांड मारणं थांबवा. डिस्कचा संशय असेल तर मशीन बंदच करा. प्रत्येक नवा प्रयत्न बॅकअपशिवायच्या डेटावर होत असतो.

फाइलींची नावं अचानक विचित्र झाली, किंवा अनोळखी ॲडमिन खातं दिसलं, तर केबल काढा, मशीन तसंच ठेवा आणि सायबर सुरक्षेचं काम करणाऱ्याला बोलवा. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २०२२ च्या निर्देशांनुसार असे प्रकार लक्षात आल्यापासून ६ तासांत कंपन्यांनी कळवायचे असतात, म्हणून "उद्या बघू" नको.

माणूस बोलावलाच तर त्याच्या हातात हे द्या: एररचा फोटो, दोन्ही मशीनचे आयपी, एसएसच्या आउटपुटमधली ती एक ओळ, पोर्ट तपासणीचं ट्रू-फॉल्स, कॉन्फिग.पीएचपीची मूळ प्रत (ती प्रत्यक्षच दाखवा, व्हॉट्सॲपवर पाठवू नका, त्यात डेटाबेसचा पासवर्ड असतो) आणि भिंतीवर किती राउटर आहेत तो आकडा.